पंडुमाआधी आंबा नाही : गोंडी गावात बालकेंद्री शाळा उभी करताना

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यात बालवाडी आणि पहिली-दुसरीचा वर्ग सुरू करायचं ठरलं की आम्ही फळा, खेळणी, तक्ते यांच्या मागे लागत नाही. आधी गावाचं वर्ष कागदावर उतरवतो. एक मोठा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर बारा घरं आखायची आणि गावातली जाणती माणसं, गायता किंवा भूमिया (गावचे पुजारी-प्रमुख) यांच्यासोबत बसायचं. बायांबरोबर वेगळं बसायचं. पुरुषांकडून सण, शिकार, बांबूतोड, मजुरीला बाहेर जाण्याचे दिवस कळतात. कोणत्या आठवड्यात कोणती भाजी निघते, सात्या म्हणजे रानातली अळंबी केव्हा उगवते, रोवणीच्या दिवसांत तान्ह्या मुलाजवळ कोण थांबतं, हे बायांनाच ठाऊक असतं. एकत्र बैठकीत बाया बोलत नाहीत आणि शाळेचं निम्मं वेळापत्रक तिथेच चुकतं.

हा पुठ्ठा भरताना प्रत्येक महिन्यासाठी चार गोष्टी विचारायच्या. मुलं पहाटेपासून कुठे असतात? घरात खायला काय असतं? कोणतं काम चालू असतं? आणि कोणती गोष्ट अजून करायची नसते? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गोंडी गावात वर्ष पंडुमांनी, म्हणजे सणांनी, बांधलेलं असतं. पेरणीआधी विज्जा पंडुम, आंब्याच्या दिवसांत मरका पंडुम, नवं धान्य आलं की त्याचा पंडुम. नवं फळ, नवं धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, मगच खायचं. तारीख छापलेली नसते, गाव बसून ठरवतं, त्यामुळे शेजारच्या दोन गावांतही ती वेगळी असू शकते.

आता हे न विचारता बालवाडीचा तयार अभ्यासक्रम उघडला की काय होतं ते पाहा. मार्चमध्ये ‘फळं’ हा विषय येतो. ताई कैरी चिरून मिठासकट ताटलीत ठेवते : चव घ्या, आंबट की गोड सांगा. मुलं हात लावत नाहीत. बाहेरून आलेल्या ताईला वाटतं मुलं बुजली आहेत, म्हणून ती आग्रह करते. एखादं मूल खातं आणि संध्याकाळी ते घरी कळतं. दुसऱ्या दिवशी चार-पाच घरांतली मुलं येत नाहीत आणि कुणी कारणही सांगत नाही. पंचेंद्रियांनी शिकण्याचा उपक्रम म्हणून तो उत्तमच होता, फक्त त्याची वेळ गावाने अजून उघडलेली नव्हती. आम्ही पंडुमाआधी मोहोर पाहतो, एका डहाळीवर किती बारीक कैऱ्या धरल्या आणि आठवड्याने किती उरल्या हे मुलांना झाडाखाली उभं राहून मोजायला सांगतो. तोडणं नाही, चाखणं नाही. पंडुम झाला की मग आंब्याचा सगळा आठवडा : चव, वास, कोय रुजवणं, पन्हं. मुलांनाही ही शिस्त आधीपासून माहीत असते. शाळा ती पाळते आहे हे दिसलं की त्यांचा शाळेवरचा विश्वास लगेच वाढतो.

मोहफुलांच्या दिवसांत, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, मुलं पहाटेच घरच्यांबरोबर मोहाखाली असतात. फूल रात्रभर गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. सकाळी सातला शाळा ठेवली तर पट रिकामा राहणार. दहाला ठेवली तर मुलं येतात, पण दमलेली. त्या दिवसांत आम्ही पहिला अर्धा तास झोपायला चटया टाकून ठेवतो. तपासणीला आलेल्या माणसाला हे विचित्र दिसतं, म्हणून वेळापत्रकात ते लिहूनच ठेवावं. आणि मोहाइतकं चांगलं गणित दुसरं नाही. एक किलो ताजी फुलं तागडीत तोलायची, कोठारात न टाकता वेगळ्या चटईवर वाळवायची, रोज त्याच वेळेला तोलायची. वजन निम्म्याहून पुष्कळ खाली येतं. सहा-सात वर्षांच्या मुलांना भागाकार येत नसला तरी ‘ओलं विकलं तर काय, सुकवून विकलं तर काय’ हे ती बरोबर बोलून दाखवतात. तेंदूच्या दिवसांत पानांचे पुडे बांधले जातात, एका पुड्यात ७० पानं. पाच-पाचच्या १४ जुड्या लावल्या की ७० होतात, हे मूल हाताने करून पाहतं. पाचाचा पाढा ते पाठ करण्याआधीच जगलेलं असतं.

मोहाची दारू हा विषय आला की बाहेरून आलेले शिक्षक अडखळतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्याच वेळी पूजेत मोहाच्या थेंबाला जागा आहे. पाच वर्षांच्या मुलाला वर्गात यावर उपदेश करू नये. तो आजोबांच्या विरुद्धचा उपदेश ठरतो आणि मूल मधल्यामध्ये अडकतं. पिण्याबद्दलचे निर्णय ग्रामसभा घेतात, पुष्कळ ठिकाणी बायांनी घडवून आणले आहेत. ती मोठ्यांची चर्चा, तिथेच व्हावी.

मुलाच्या कलाने शिकवणं आणि मुलाच्या गावाच्या रीतीने शिकवणं यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसोरीची पद्धत घेतली, पण साधनं आणि गाणी-गोष्टी इथल्या केल्या. १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथून, १९७५ ची सरकारी योजना पुष्कळ नंतरची. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी, अशी विकासवाडीची रचनाही तिथलीच. या तिन्ही गोष्टींत एक धागा आहे : मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल तर आधी साचा तपासायचा.

गडचिरोलीत कडेवरच्या भावंडाचा प्रश्न अजून तसाच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीला ‘बाळाला घरी ठेवून ये’ म्हटलं की ती येणं बंद करते. म्हणून वर्गाच्या आढ्याला एक झोळी कायम बांधलेली असते आणि तिच्या आसपास, बाळाच्या हाताला लागेल अशा उंचीवर, तोंडात मावेल एवढी लहान वस्तू ठेवायची नाही. बिया, खडे, मणी हे सगळं झाकणाच्या डब्यात वरच्या फळीवर. वयानुसार वर्ग पाडायचा आग्रहही धरत नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, लहान-मोठी एकत्रच असतात, मोठ्यांचं पाहून लहान शिकतात. बालकेंद्री शाळा ज्याला मिश्र वयोगट म्हणतात तो इथे घरचाच प्रकार आहे. फक्त पहिलीतल्या मुलांना वाचनासाठी रोज चाळीस मिनिटं वेगळं बसवावं लागतं, नाहीतर मोठ्या मुली भावंडांना सांभाळत राहतात आणि अक्षरं तशीच राहून जातात.

साधनांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘परिसरातली साधनं’ हे शब्द सगळेच वापरतात आणि सगळ्यात जास्त ढिलाई इथेच होते. मॉन्टेसोरीच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत. रंग एक, आकार एक, बदलतं ते फक्त मोठेपण. म्हणून मुलाचं लक्ष त्या एकाच गोष्टीवर जातं, आणि चूक झाली तर मनोराच ती दाखवतो. हेच काम बांबूने करायचं असेल तर लांबीची पट्टी-मालिका करावी : पाच सेंटिमीटरपासून पन्नासपर्यंत, पाच-पाचने वाढणारे दहा तुकडे. पण गावात दहा तुकडे मागितले की बुंध्याचा तुकडा लांब आणि जाड, शेंड्याचा आखूड आणि बारीक असा संच येतो. मग मूल लांबीने लावतं की जाडीने, हे कळतच नाही, आणि ताई समजते की मुलाला लांबी समजली. म्हणून दहाही तुकडे जवळपास सारख्याच जाडीच्या बांबूंचे कापून घ्यायचे, पेर कुठे येतं याकडेही पाहायचं. कडा आधी कोयत्याने मारून मग काचकागदाने घासायच्या. बांबूची कुसळ बोटात गेली की ते साधन महिनाभर कुणी उचलत नाही. बांबू कधी तोडायचा याचे दिवस गावाला माहीत असतात, तेच पाळावेत. तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला गर निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. हे न केलेला संच पुढच्या पावसाळ्यात पिठासारखा झडतो.

मोजायला चिंचोके सगळ्यात बरे. वीस मुलांच्या वर्गाला हजारेक लागतात, कारण शंभराचे दहा गठ्ठे एकाच वेळी मांडता यायला हवेत. ते कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून डब्यात भरावेत, नाहीतर किडे पडतात. गुंजा मात्र कधीच नाहीत. दिसायला सुंदर, मुलं स्वतः गोळा करून आणतात, पण बी विषारी आहे आणि चावून गिळली तर जीव जाऊ शकतो. एरंडी आणि धोतऱ्याच्या बियाही नाहीत. आणलेल्या गुंजा मुलाकडून शांतपणे घ्यायच्या आणि सगळ्यांना वेल दाखवून सांगायचं. घरची माणसं हे ओळखून असतात, त्यांच्यापैकी एखादी आजी सांगेल तर उत्तम.

मातीकाम करताना आणखी एक पाळावं लागतं. प्रत्येक कुळाचा एखादा प्राणी किंवा झाड असतं, त्याला मारत नाहीत, तोडत नाहीत. ‘प्राणी बनवा आणि मग मोडून माती परत गोळा करा’ हा शाळेचा नेहमीचा क्रम. पण स्वतःच्या कुळाचा प्राणी मोडायला मूल तयार होत नाही, आणि दुसऱ्याने मोडला तर भांडण होतं. अशा मूर्ती आम्ही मोडत नाही. फळीवर वाळवून ठेवतो, नंतर मूल घरी नेतं. प्रवेशाच्या वेळी घरच्यांना कुळाची खूण विचारून वहीत लिहून ठेवली की पुढे खूप त्रास वाचतो.

भाषेचं नियोजन हा सगळ्या कामाचा कणा. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षण शक्य तितपत मातृभाषेतून व्हावं असं म्हटलं आहे. ते ‘शक्य तितपत’ वर्गात शिक्षक ठरवतो. आमची विभागणी अशी : बालवाडीत सगळा दिवस गोंडीत, त्यात मराठीचा फक्त वीस मिनिटांचा खेळ. पहिलीत वाचन गोंडीतून, देवनागरी लिपीत, आणि तोंडी मराठी रोज चाळीस मिनिटं. पहिलीच्या दुसऱ्या सत्रात मराठी वाचन सुरू. दुसरीत दोन्ही निम्मं निम्मं.

यात सगळ्यात जास्त बिघडतं ते वाक्यागणिक भाषांतराने. शिक्षक एक वाक्य मराठीत बोलतो, लगेच गोंडीत सांगतो. मुलं हुशार असतात. मराठी वाक्य चालू असताना ती खिडकीबाहेर पाहतात आणि गोंडी वाक्याची वाट बघतात. वर्ष संपतं, मराठी कानावरून गेलेली असते, कानात शिरलेली नसते. म्हणून एका वेळी एकच भाषा. मराठीचा वेळ झाला की जागा बदलायची : वर्गातून बाहेर, ठरलेल्या झाडाखाली. तिथे एक बाहुली असते, तिला फक्त मराठी कळतं. सुरुवात सूचनांनी आणि हालचालींनी : उठ, बस, पान आण, मोठं पान आण, दोन मोठी पानं आण. मुलांनी बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. केलं की समजलं. पहिल्या सत्रात साठ-सत्तर शब्द पुरे, पण ते वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा यायला हवेत.

अक्षरांचा क्रम बाराखडीचा ठेवत नाही. म, र, न, क आणि काना यांचा पहिला गट घेतला तर गोंडीत मरका म्हणजे आंबा, नार म्हणजे गाव, मरा म्हणजे झाड असे शब्द लिहिता येतात, आणि तीच अक्षरं मराठीत रान, कान, नाक, काम, मका, कमान देतात. दुसऱ्या गटात य, ी, े आणि ो घातले की येर म्हणजे पाणी, मीन म्हणजे मासा, कोर म्हणजे कोंबडी हे मिळतात. एकदा शिकलेली अक्षरं दोन्ही भाषांत चालतात, त्यामुळे मराठी वाचन सुरू करताना पुन्हा पहिल्यापासून यावं लागत नाही. शब्दकार्डावर चित्र हवंच. ‘मरा’ सारखा शब्द चित्राशिवाय भिंतीवर लावला तर मराठी वाचणाऱ्या पाहुण्याचा गोंधळ होतो. उच्चार गावागणिक बदलतात, भामरागडची माडिया आणि कोरचीकडची गोंडी एक नाही. छापील शब्द आणण्यापेक्षा गावातला शब्द गावात विचारून लिहावा.

ख, घ, ढ, भ अशी अक्षरं शेवटच्या गटांत. गोंडीत असे उच्चार बाहेरून आलेल्या शब्दांपुरतेच असतात, म्हणून मूल ‘घर’ला ‘गर’ आणि ‘भात’ला ‘बात’ म्हणतं. अर्थ समजून वाचत असेल तर तिथे थांबवायचं नाही. लिंगाचंही तसंच. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला अशी विभागणी आहे. मराठीची तीन लिंगं मुलाला मनमानी वाटतात आणि ‘झाड पडली’ असं वाक्य येतं. शिक्षकाने ‘हो, झाड पडलं’ एवढं म्हणून पुढे जावं. दुसरीच्या शेवटी बरंचसं आपोआप जागेवर येतं. प्रत्येक वाक्यावर दुरुस्ती केली तर मूल मराठी बोलणंच सोडतं, आणि हे नुकसान भरून निघत नाही.

वाचायला पुस्तकं नसतात, ती करावी लागतात. पुठ्ठ्याचे आठ कागद, प्रत्येकावर एक चित्र आणि एक वाक्य, वाक्यात जास्तीत जास्त पाच शब्द आणि त्यातले दोन-तीन पानोपानी पुन्हा येणारे. अक्षरं तीन-चार सेंटिमीटर उंच, म्हणजे मागे बसलेल्यालाही दिसतात. चित्रं मोठ्या मुलांनी काढलेली. विषय रोजचे : कोंबडी हरवते, नाल्याला पूर येतो, आजी भाजीला जाते. गोंडी आणि मराठी एकाच पानावर खाली-वर लिहायचं नाही, कारण मूल एकच ओळ वाचतं आणि दुसरी झाकून टाकतं. तीच चित्रं वापरून दोन वेगळी पुस्तकं करायची. शिवण जाड दोऱ्याची, कडांना चिकटपट्टी. पावसाळ्यात पुठ्ठा ओलावतो, म्हणून दोरीवर टांगून ठेवायची, पेटीत बंद करायची नाहीत.

गाणी आणि कथा गोळा करताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण सोपं असतं, म्हणूनच तिथे घाई होते. प्रत्येक गाण्याबरोबर तीन प्रश्न विचारून घ्यायचे : हे कोण म्हणतं, केव्हा म्हणतात, मुलांनी शाळेत म्हटलं तर चालेल का. लग्नातलं, मरणातलं, पूजेतलं गाणं वर्गात आणायचं नाही, मग चाल कितीही गोड असो. काही गावांत कथा दिवसा सांगत नाहीत. तसं असेल तर रात्री गोटुलात शेकोटीभोवती ऐकून यायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त चित्र काढायचं. आजी वर्गात येऊन सांगणार असेल तर तिचा दिवस बुडतो. त्याचं मानधन ग्रामसभेने ठरवावं आणि वेळच्या वेळी द्यावं.

शाळेच्या भिंतीवर गेरू आणि पांढऱ्या रंगात त्रिकोणी माणसं रंगवण्याची आता सर्रास पद्धत पडली आहे. ती वारली चित्रं आहेत, डहाणू-जव्हारकडची. त्यांचं मूळ लग्नाच्या चौकात आहे आणि तो चौक सवाशिणी लिहितात. गडचिरोलीतल्या माडिया मुलाला ती तितकीच परकी आहेत जितकी पुण्यातल्या मुलाला. ‘आदिवासी’ म्हणून सगळ्यांना एकच रंग फासण्यापेक्षा भिंत कोरी ठेवलेली बरी, किंवा गावातल्या बायांना विचारावं की घर सारवल्यावर त्या काय काढतात. स्नेहसंमेलनातल्या नाचाबद्दल तर आम्ही ठाम आहोत. रेला हा गोलातला नाच, त्यात सगळेच असतात, बाहेर बघायला कुणी उरत नाही. मंचावर एका रांगेत, पाहुण्यांकडे तोंड करून, भाड्याची पिसं लावून तो करायला लावला की मुलं तासाभरात शिकतात की आपलं जे आहे ते दाखवायचं असतं. पाहुणे आले तर त्यांनी गोलात यावं.

डब्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. लाल मुंग्यांची चटणी, आंबील, उकडलेले कंद हे डब्यात येतं. शिक्षकाच्या कपाळावर एक आठी दिसली तरी दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा डबा येत नाही. नव्या शिक्षकाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो आणि जेवताना मुलांच्या गोलातच बसवतो.

आता पद्धतीच्या आतल्या गोष्टी. बालकेंद्री शिक्षणाच्याही स्वतःच्या सवयी आहेत आणि त्याही कुठल्यातरी संस्कृतीतून आलेल्या आहेत. ‘तुला काय करायचंय ते निवड’ हे त्यातलं पहिलं वाक्य. चाळीस साधनांच्या फळीसमोर मूल नुसतं उभं राहतं. घरात कामाची निवड अशी होत नाही. काय करायला हवं आहे ते मूल बघतं आणि हात लावतं. म्हणून पहिले काही आठवडे खरी कामं ठेवायची : तांदूळ निवडणं, रोपांना पाणी, अंगण झाडणं, भाजी चिरणं. विळीची भीती शिक्षकांना असते, मुलांना नसते. तरी एका मोठ्या माणसाजवळ चारच मुलं, हा नियम सोडायचा नाही. मग चार-पाच साधनं मांडायची आणि हळूहळू वाढवायची. निवड महिन्याभरात आपसूक येते. एकट्याने चटईवर बसून काम करायचा आग्रहही सुरुवातीला नको, दोघं-तिघं मिळून करतील तर करू द्यावं.

दुसरी सवय प्रश्नांची. ‘हे काय आहे?’ असं हातातलं पान दाखवून विचारलं की मुलं गप्प. विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे हे त्यांना दिसतं, आणि घरी असं कुणी विचारत नाही. त्याऐवजी खरंच माहीत नसलेलं विचारायचं : हे पान तुमच्याकडे कशाला वापरतात, हा कंद खणायला किती खोल जावं लागतं. मग उत्तर थांबत नाही. तिसरी सवय कौतुकाची. एका मुलाला उभं करून टाळ्या वाजवल्या की ते पुढच्या वेळी हात वर करत नाही. गटाने केलेल्या कामाचं गटाला सांगावं, आणि एकट्याला सांगायचं असेल तर शेजारी बसून, हळू आवाजात.

पालकांची तक्रार दोन महिन्यांत येतेच : नुसतं खेळायला ठेवता, मराठी शिकवत नाही. या तक्रारीला अज्ञान समजू नये. मराठी न आल्यामुळे बाजारात, वनखात्याच्या नाक्यावर, दवाखान्यात काय सोसावं लागतं हे त्यांनी भोगलेलं आहे. मराठी वाचन केव्हा सुरू होणार हे आम्ही जूनमध्येच ग्रामसभेत सांगतो आणि पहिलीच्या दिवाळीनंतर दर महिन्याला एका संध्याकाळी गोटुलात मुलं मोठ्याने वाचून दाखवतात, आधी गोंडी, मग मराठी. आपलं मूल आपल्या भाषेत लिहिलेलं वाचतंय हे पाहिलं की तक्रारीचं रूप बदलतं. मग पालक विचारतात, आणखी पुस्तकं कधी करणार. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात २०१९ साली ग्रामसभेनेच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने असं ठरवलं असेल तर काम फार सोपं होतं. बाहेरच्या संस्थेने ठरवलं असेल तर ती संस्था गेली की शाळा बसते. म्हणून ताई गावातलीच हवी, आणि मुलं तिला मॅडम म्हणत नाहीत, जे नातं असेल त्याच नावाने हाक मारतात.

शेवटची अडचण मूल पुढच्या शाळेत जाताना येते, बहुधा आश्रमशाळेत. तिथे चाचणी मराठीत, निपुण या सरकारी वाचन-गणित अभियानाचे निकष मराठीत, आणि गोंडीत सराईत वाचणारं मूल ‘अप्रगत’ ठरू शकतं. म्हणून प्रत्येक मुलाबरोबर दोन रकान्यांचा एक कागद द्यावा. डावीकडे गोंडीत काय येतं : किती शब्दांचा उतारा समजून वाचतो, स्वतःच्या मनाने किती वाक्यं लिहितो, कुठवर मोजतो. उजवीकडे मराठीत काय येतं, तेच मुद्दे त्याच क्रमाने. खाली मुलाने लिहिलेला एक गोंडी आणि एक मराठी परिच्छेद जोडायचा. कागद नुसता मुलाच्या हाती देऊ नये. तिथल्या वर्गशिक्षकाला पहिल्या आठवड्यात भेटून समोर बसून दाखवावा, मुलाने केलेलं एक पुस्तक त्यांच्या वर्गात ठेवून यावं आणि दिवाळीआधी पुन्हा एकदा जाऊन यावं. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात, म्हणून पहिली भेट शाळा उघडताच, जूनअखेरीलाच उरकलेली बरी.